ग्रेव्हीने गिळलेला टेरियर

३ एप्रिल, बुधवार

शेवटी मी तोंड उघडलंच, आणि सगळं माझ्याच गळ्यात आलं.

हॅरोगेटला कुत्र्यांच्या आकृतीचे जुने दागिने जमवणाऱ्या आमच्या मंडळाची बैठक होती. चहा, स्कोन, आणि मग नेहमीचं रडगाणं. सभासद म्हातारे झाले. कुणाचे हात थरथरतात, कुणाला भिंगातूनही दिसत नाही, मुलं म्हणतात हे कुत्र्यांचे ब्रोच विकून मोकळे व्हा. अध्यक्षबाई म्हणाल्या, आता मंडळ बंद करावं हे बरं. सगळ्यांनी निमूट माना डोलावल्या. मला संताप आला. माझा जन्म पोहण्याच्या तलावावर पोरांवर ओरडण्यात गेला, हळू बोलणं मला जमतच नाही. म्हटलं, "बंद काय करायचं? आपले दागिने कपाटात कोंडायचे आणि वर म्हणायचं कुणाला आवड नाही! प्रदर्शन भरवा. आमच्या स्किप्टनला भरवा. मी भरवते!"

डेस्मंड ट्रँटरने घसा साफ केला.

"मिसेस ओल्डरॉइड, लोक येतील असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही आलात तरी एक माणूस होईल," मी म्हटलं.

यावर सगळे हसले. आणि मत घेताना पहिला हात कुणाचा वर गेला? त्याचाच. माझी फजिती पुढच्या रांगेत बसून बघायची असणार.

हा माणूस मला कळत नाही. लिलावातसुद्धा तेच. तो छान बोली लावत असतो, मी हात वर केला की याचा हात खाली. म्हणजे मी जे मागते ते खोटं असतं असं याचं मत. मागच्या शरद ऋतूत तो स्पॅनियलचा ब्रोच असाच मिळाला मला. घरी येऊन तीनदा तपासला. अस्सल आहे. सोन्याच्या कडीत काचेसारखा स्वच्छ स्फटिक, मागच्या बाजूने कोरून रंगवलेला, बघावं तर दवाच्या थेंबात जिवंत कुत्रं बसलंय. मग त्याने हात खाली का घेतला?

६ एप्रिल, शनिवार

ट्रँटर स्वतः येऊन प्रदर्शनासाठी पिन देऊन गेला. पोस्टावर विश्वास नाही म्हणे. कॅनॉलच्या पलीकडे राहतो, पोस्टाने पाठवणार तरी कशाला होता!

टायला लावायची पिन. टोकावर भरीव सोन्याचा टेरियर उभा, अंगठ्याच्या नखाएवढा, डोळ्यांत माणकं. राणी व्हिक्टोरियाच्या शेवटच्या वर्षांतली असावी. मी ती याआधी फक्त मंडळाच्या टेबलावर लांबून पाहिली होती. आज हातात घेतली आणि लगेच म्हणाले, "हा बॉर्डर टेरियर आहे."

"लेकलँड टेरियर," तो म्हणाला.

"डोकं बघा! पाणमांजरासारखं आहे. माझी ग्रेव्ही बघा आणि हा बघा."

ग्रेव्ही तेव्हा त्याच्या बुटाची लेस चावत होती. त्याने वाकून तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ही जास्त देखणी आहे. पण तो लेकलँडच. बॉर्डर हे मेंढपाळांचं कुत्रं. कोणता जमीनदार सोन्यात घडवेल?"

"ज्याचं त्याच्यावर प्रेम असेल तो!"

यावर तो लाल झाला. वाद हरल्याची लाज वाटली असणार.

जाताना वेन्सलीडेल चीजचा अख्खा ठोकळा ठेवून गेला. म्हणाला, "तुम्हाला आवडतं असं कुणीतरी म्हणालं होतं." मी ते मंडळात एकदाच बोलले असेन, तेही दोन वर्षांपूर्वी.

मैत्रिणीला, ग्लेनिसला सांगितलं. ती मेथडिस्ट चर्चच्या हॉलचं बुकिंग बघते, प्रदर्शन तिथेच आहे. ती म्हणाली, "चीज? अख्खा ठोकळा?" आणि उगाच हसत सुटली.

११ एप्रिल, गुरुवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर लागलं नाही तरी चालेल.

सकाळी मांडणीची तालीम करत होते. पिना उभ्या खोचायला मागवलेला फोम अजून आला नव्हता. किती उंचीवर काय दिसेल ते बघायचं होतं. हाताशी चीजचा ठोकळा होता. मऊ, पांढरा, पिन सुरेख उभी राहिली. सोन्याचा टेरियर बर्फाच्या टेकडीवर उभा असावा तसा दिसत होता. मी स्वतःवरच खूश झाले.

दाराची घंटा वाजली. फोम आला होता.

परत स्वयंपाकघरात आले तर खुर्ची टेबलापासून सरकलेली, बशी पालथी. चीज नाही. पिन नाही. ग्रेव्ही जमिनीवर बसून मिशा चाटतेय, चेहऱ्यावर समाधान.

मी ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज फुटला नाही.

जनावरांच्या डॉक्टर मिस मीर फोनवर म्हणाल्या, "उलटी करायला लावू नका, टोक आतड्याला लागेल. तशीच उचला आणि या." ट्रँटरला फोन करायची हिंमत गोळा केली. नुसतं म्हटलं, "तुमची पिन ग्रेव्हीने गिळली." पलीकडून एवढंच आलं, "कुठल्या दवाखान्यात?" आणि फोन बंद.

मी पोचते न पोचते तोच हाही दाखल. कोटाची बटणं खालीवर लागलेली, पायांत घरातल्या सपाता. सोनं जात असलं की माणसाला पायाचंही भान राहत नाही. मला त्याची फार दया आली.

"ग्रेव्ही कुठाय?" त्याने विचारलं. म्हणजे पिन कुठाय. सभ्य माणूस, सरळ विचारवत नसेल.

मिस मीरनी आम्हाला आत बोलावून पडद्यावर एक्स-रे दाखवला. बरगड्यांचा पिंजरा, आणि त्याच्या मागे, पोटात, चार पायांवर ताठ उभा असलेला लख्ख पांढरा छोटा कुत्रा. खाली लांब सुई. कुत्रीच्या पोटात कुत्रा. मिस मीर तरुण आहेत, ब्रॅडफर्डच्या, तोंडाने फटकळ. म्हणाल्या, "इतकी वर्षं मोजे बघितले, चेंडू बघितले, एकदा कुणाची कवळी बघितली. पण हे म्हणजे कमालच!" मग गंभीर झाल्या. "घशातून नळी घालून पकडायचा प्रयत्न करते. नाही जमलं तर पोट उघडावं लागेल. ओढताना पिन वाकेल, कदाचित आतच तोडावी लागेल. मालक कोण?"

"कुत्रीच्या ह्या, पिनेचा मी," ट्रँटर म्हणाला. "तोडा. वितळवा हवं तर. कुत्रीला काही होता कामा नये."

विमा भक्कम उतरवला असणार.

मग तो पडद्याजवळ गेला, चष्मा कपाळावर चढवला. पडद्यावर ना चकाकी होती, ना कोरलेले केस, नुसता आकार. रुंद चपटं डोकं. लेकलँडची कापतात, ही मात्र न कापलेली, बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती शेपटी. गाजर ठेवावं तशी.

"बॉर्डर आहे," तो हळूच म्हणाला. "तुमचंच खरं होतं."

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी गावभर सांगत सुटले असते. आज मला रडू आलं. म्हटलं, "मला नको ते खरं. मला ती हवीय." माझा नवरा क्लिफर्ड गेल्यावर घरात पावलं वाजतात ती फक्त तिचीच.

ग्रेव्हीला आत नेलं. आम्ही बाकावर बसलो. त्याने माझा हात धरला, किंवा मी त्याचा धरला असेल. गार पडला होता बिचाऱ्याचा, म्हणून मी तसाच राहू दिला. आत्ता तो चहा आणायला गेलाय, सपातांमध्येच. बराच वेळ झाला. आतून काही आवाज येत नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

निघाली! निघाली!

काल ग्रेव्हीला घरी आणल्यावर लिहायचं त्राणच उरलं नव्हतं. पहिले दोन प्रयत्न फुकट गेले, नळीच्या टोकाचा फास निसटायचा. मिस मीर बाहेर येऊन म्हणाल्या, आता शेवटचा, नाहीतर चाकू. ट्रँटर उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आणि मग आतून मिस मीर ओरडल्या, "आला रे आला, चहाटळ कुठला!"

सोन्याचा बॉर्डर टेरियर एका तबकात आला, चीजने माखलेला. सुईचं टोक चीजच्या गोळ्यात रुतून बसलं होतं म्हणून आत कुठे टोचलं नाही, असं त्या म्हणाल्या. दांडी मात्र मासे पकडायच्या गळासारखी वाकली.

मी म्हटलं, "सोनाराकडून सरळ करून देते."

"हात लावायचा नाही," ट्रँटर म्हणाला. "आत्तापर्यंत ही नुसती जुनी होती. आता हिला गोष्ट आहे." आणि हसला. मी त्याला कधी हसताना पाहिलं नव्हतं. पुढच्या दोन दातांत फट आहे. बघत राहावंसं वाटतं.

मग म्हणाला, "चला मॉरीन, घरी सोडतो." मॉरीन! धक्क्यात माणसं वाटेल ते बोलतात.

१६ एप्रिल, मंगळवार

ग्रेव्हीचा घसा दुखतोय, मऊच खायला द्यायचंय. ट्रँटर रोज उकडलेली कोंबडी घेऊन येतो, हाडं काढून, धाग्याधाग्याने सोडवलेली. पिन तर त्याला परत मिळाली, मग रोज का येतो? ती आणखी काही गिळत नाही ना, यावर लक्ष ठेवत असेल. त्याच्या आणखी चार वस्तू माझ्याकडे आहेत.

ग्लेनिस आज तो असतानाच आली. तो गेल्यावर म्हणाली, "अगं, तू आंधळी आहेस की सोंग करतेस?"

"कशाचं?"

"कोंबडीचं!"

मी म्हटलं, कोंबडीत काय दडलंय? ती कपाळाला हात लावून निघून गेली. ग्लेनिसचा रक्तदाब तपासायला हवा.

२० एप्रिल, शनिवार

प्रदर्शनाला अजून आठवडा, आणि कुणीही येणार नाही असं वाटतंय. गावच्या वर्तमानपत्रातल्या मुलीचा फोन आला. तिने विचारलं, "कुत्र्यांना दागिने घालून मिरवणार का?" मी समजावलं की दागिने बायांचे आणि पुरुषांचे, त्यांच्यावर कुत्रे आहेत. आजोबांच्या काळातले, पणजोबांच्या काळातले. कुणी आपल्या लाडक्या कुत्र्याचे केस लॉकेटमध्ये ठेवलेत. कुणी धावता ग्रेहाउंड हिऱ्यांत मढवलाय. कुणी रोमला जाऊन तिळाएवढ्या काचतुकड्यांचा स्पॅनियल जडवून आणलाय. ती म्हणाली, "हं." बस, "हं." अध्यक्षबाईंचाही सूर तोच. म्हणाल्या, हॉल रिकामा राहिला तर त्याच दिवशी मंडळ गुंडाळू, सगळे जमलेले असतीलच.

ट्रँटरला हे सांगितलं. तो कोंबडी सोडवत होता. जरा विचार करून म्हणाला, "एक्स-रे दारात लावा."

"इश्श! माझ्या कुत्रीचं पोट गावाला दाखवू?"

"तिची हरकत नसेल," तो म्हणाला. ग्रेव्हीने त्याच क्षणी त्याच्या हातातली कोंबडी पळवली.

२७ एप्रिल, शनिवार

कुठून सुरुवात करू!

मिस मीरनी एक्स-रे मोठा करून दिला. काल सकाळीच हॉलच्या खिडकीत लावला, खाली लिहिलं: "हा कुत्रा आत भेटेल. ही कुत्रीसुद्धा." आज शनिवारचा बाजार. भाजी घ्यायला आलेली माणसं थांबली, हसली, पुन्हा वाचलं, रांगेत उभी राहिली. दहाला दार उघडलं तर रांग फुटपाथवरून वळून पार बेकरीपर्यंत गेलेली. आणि निम्म्या लोकांबरोबर कुत्रे! मी कुठे म्हटलं होतं आणा म्हणून? पण हाकलू कुणाला? व्हिपेट आपल्यासारख्याच हिऱ्यांच्या व्हिपेटसमोर बसला होता. एक बुलडॉग काचेच्या पेटीवर लाळ गाळून गेला. मंडळाच्या अध्यक्षबाई, ज्या कुणाला पेटीपासून हातभर लांब उभं करतात, त्या चारचौघांत जमिनीवर बसून एका डॅशहुंडाच्या पोटाला खाजवत होत्या.

ग्रेव्ही आपल्या टोपलीत राणीसारखी बसली होती. शेजारी पेटीत वाकडी पिन. लहान पोरं एकदा तिच्याकडे, एकदा पिनेकडे बघायची. एकाने विचारलं, "दुसऱ्या बाजूने बाहेर आली का?" ट्रँटर गंभीरपणे म्हणाला, "दुर्दैवाने नाही." हॉल हसून कोसळला.

पण खरी मजा दुपारी झाली. खाटीक मिस्टर हर्स्टची आई काठी टेकत आली आणि कोटाच्या आतल्या बाजूला लावलेला ब्रोच उलटवून दाखवला. लाकडी स्कॉटी, रंग उडालेला, एका कानाचा टवका गेलेला. "लग्नात नवऱ्याने दिला," ती म्हणाली. "याला तुमच्यात जागा नसेल." ट्रँटरने खिशातून भिंग काढलं, तिच्यासमोर वाकून तो लाकडी कुत्रा असा निरखला जणू राजवाड्यातून आलाय. म्हणाला, "बाई, आमच्याकडे हिरे आहेत, पण रोज अंगावर राहिलेला एकही नाही." मग पेटी उघडून स्वतःचा माणकांचा फॉक्सहाउंड काढला, आणि ती परत जाईपर्यंत त्या जागी तिचा स्कॉटी ठेवला. म्हातारी खुर्ची ओढून पेटीसमोर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "तो माझा."

ते बघून लोक घरी धावले आणि आपापले घेऊन आले. आजीचे, आत्याचे, बटणांच्या डब्यात सापडलेले. टेबलं कमी पडली. ग्लेनिसने चहाची टेबलं रिकामी करून दिली. संध्याकाळी अध्यक्षबाई खुर्चीवर चढल्या आणि म्हणाल्या, मंडळ बंद करण्याचा ठराव त्या मागे घेताहेत, कारण नवे सभासद लिहून घ्यायला त्यांचं पेन संपलं.

मी त्या गोंधळात ट्रँटरला मिठी मारली. जवळ तोच उभा होता. तो अगदी खांबासारखा ताठ झाला, मग हळूच त्याचा हात माझ्या पाठीवर आला. बिचारा सकाळपासून उभाच होता, थकला असेल.

२८ एप्रिल, रविवार

आवाज पार गेला. ग्लेनिस म्हणते, गावाला आज सुट्टी.

५ मे, रविवार

डेस्मंडबरोबर बोल्टन ॲबीला फिरायला गेले. (एवढी कोंबडी खाल्ल्यावर ट्रँटर म्हणणं बरं दिसत नाही.) जंगलात निळ्या फुलांचा नुसता सडा. ग्रेव्ही सुसाट पळत होती, घसा साफ बरा.

स्ट्रिडपाशी बसलो. तिथे अख्खी वॉर्फ नदी दोन खडकांच्या फटीत शिरते, आवाजाने कान बसतात. माझे कान तलावावरच्या इतक्या वर्षांनी आधीच अर्धे गेलेत. डेस्मंड काहीतरी बोलत होता, बराच वेळ, टोपी हातात फिरवत. मी मान डोलावत होते. शेवटी त्याने माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. डबा त्याच्या मांडीवर होता, मला सडकून भूक लागली होती. मी ओरडले, "हो, हो! मी तर केव्हाची वाट बघतेय!"

तो बघतच राहिला. मग त्याने डबा उघडला, पण स्वतः काही खाल्लं नाही. सगळी सँडविचेस मला आणि ग्रेव्हीला.

गाडीकडे येताना म्हणाला, "जूनमध्ये चालेल?" मंडळाची पुढची बैठक त्याच्याकडे आहे. मी म्हटलं, "जून उत्तम."

"फार लोक नकोत, असं मला वाटत होतं."

"लोक नकोत तर करायचं कशाला? सगळ्यांना बोलवा! कुत्र्यांनासुद्धा!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाराही बोचरा होता.

७ मे, मंगळवार

सकाळी ग्लेनिस दार न वाजवताच आत आली, हातात फुलं, नाक लाल, आणि माझ्या गळ्यातच पडली.

"कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"गेलं कुठे, मॉरीन, आलं! डेस्मंड काल हॉल ठरवून गेला. जूनचा दुसरा शनिवार."

"बैठकीला हॉल कशाला लागतो?"

तिने माझ्याकडे बघितलं. फुलं टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून मला तीत बसवलं.

"अगं बाई, लग्नाला लागतो. तुमच्या."

मग मला एकेक आठवायला लागलं. चीज. सपाता. लिलावात खाली जाणारा हात. मान डोलावून मी कशाकशाला होकार दिला असेल! ग्लेनिस हसत होती आणि रडत होती, मला दोन्हींपैकी काहीच जमेना. मग मी कोट घातला, ग्रेव्हीला साखळी लावली आणि कॅनॉलवरचा पूल ओलांडून थेट त्याच्या दारात उभी राहिले.

त्याने दार उघडलं. कमरेला ॲप्रन, कोपरापर्यंत पीठ.

"डेस्मंड," मी म्हटलं, "रविवारी स्ट्रिडपाशी तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकूच आलं नव्हतं."

त्याचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "मग तुम्ही हो का म्हणालात?"

"मला वाटलं, डबा उघडू का असं विचारताय."

तो पिठाच्या हातांनी तसाच उभा राहिला. "मी आजच ग्लेनिसला सांगतो," तो म्हणाला. "हॉल रद्द करायला."

"ग्लेनिसला काही सांगायचं नाही. इथे नदी नाहीये. विचारा."

ग्रेव्ही आत घुसली होती, स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. आम्ही दोघंही हललो नाही. त्याने हात ॲप्रनला पुसले, घसा साफ केला, आणि विचारलं.

या वेळी अगदी स्पष्ट ऐकू आलं. शब्दन् शब्द.

तरी मी कानामागे हात धरला आणि म्हटलं, "काय म्हणालात? परत एकदा."